सबीहानं न सांगितलेलं नाव

राजारामपुरी, कोल्हापूर
३ डिसेंबर २०२३

मोझे,

जिवंत हाईस की न्हाईस, तेवढं आधी कळव. बाकीचं मागनं लिही.

ऑक्टोबरपासून फोन लावतेय. नुसता वाजत राहतो, नाहीतर कुणी बाई हिब्रूत काहीतरी सांगून बंद करते. पोस्टात गेले तर काउंटरवरचा म्हणाला, "काकू, तिकडचं टपाल कधी पोचंल सांगता येत न्हाई." म्हणून लिहिलेल्या पानाचा फोटो काढून पाठवतेय. माझं अक्षर फोटोतही तेवढंच वाईट दिसतं.

तुझी लेक ओर्ना बरी आहे? तुझा नातू अमित सैन्यातनं सुटला होता ना, परत बोलावला काय? आणि टेकडीवरची ती सबीहा? जिच्या पोरीचे भाजलेले हात तुझ्या वॉर्डात बरे झाले, जिच्याकडचं मेंढीचं चीज तू दर पत्रात चघळतेस, तिचं काय?

मी टीव्ही बंद केलाय. आधी तुमच्याकडची जिवाच्या आकांतानं पळणारी पोरं बघितली, मग गाझातली ढिगाऱ्यातनं काढलेली. अभिनंदन म्हणतो, "आई, बघायचंच कशाला?" माझा मुलगा आहे, पण असं बोलला की मला त्याला दोन धपाटे घालावेसे वाटतात.

एक ओळ लिही.

तुझी त्रिशला

•

बीर शेवा
१८ डिसेंबर २०२३

प्रिय त्रिशला,

आहे. सगळे आहोत. खालच्या मजल्यावरच्या झिवाची नात मात्र नाही. गाण्याच्या जत्रेला गेली होती, सात ऑक्टोबरला. ती जन्मली तेव्हा पहिली आंघोळ मी घातली होती. तिचे वडील अजून रोज खाली गाडीत जाऊन बसतात आणि गाडी चालू न करता परत वर येतात. तेव्हा ढिगाऱ्यांचे फोटो मला पाठवू नकोस. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. माझ्यात आत्ता जागा नाही, एवढंच.

हे सगळं मी मराठीत लिहू शकते म्हणून लिहितेय. बाबा रेल्वेत गार्ड होते, शाहूपुरीतल्या क्वार्टर्समध्ये आपण दोघी एका पाटीवर शिकलो, मग आम्ही इस्राएलला आलो. ती अक्षरं या घरात आता माझ्याशिवाय कुणाला येत नाहीत. ओर्ना ऐकून थोडं समजते. अमितला 'ये, बस, जेव, पाणी' एवढंच येतं.

अमितला परत बोलावलंय. पण गाझात नाही, देवाची कृपा. वेस्ट बँकेत, हेब्रोनच्या दक्षिणेला टेकड्यांत ठेवलाय. गंमत बघ, सबीहाची वस्ती तिथूनच जवळ, खिर्बत लोझ. लोझ म्हणजे बदाम. अमित लहान असताना मी त्याला सुट्टीत घेऊन जायची. मेंढीच्या पिल्लांमागे धावून धावून दमला की सबीहाच्या चुलीपाशी झोपायचा. तो तिकडे आहे म्हटल्यावर मला वाटलं, चला, घरचं माणूस आहे, त्यांच्यावर लक्ष राहील.

पण ऑक्टोबरच्या अखेरीस वस्ती रिकामी झाली. शेजारच्या टेकडीवर आमच्यातल्या काहींनी दोन वर्षांपूर्वी घरं आणून टाकली होती, तिथली माणसं आली, काहींच्या अंगावर सैन्याचे कपडे होते, आणि निघून जा म्हणाली. सबीहा फोन उचलत नाही. अमितला विचारलं. तो म्हणाला, "सव्ता, मी त्या दिवशी तिथं नव्हतो." सव्ता म्हणजे आजी.

नव्हता तर नव्हता.

मोझेल

•

राजारामपुरी
९ जानेवारी २०२४

मोझे,

झिवाच्या नातीचं वाचून दोन दिवस तोंडाला चव नव्हती. त्यांना माझं नाव कुठलं माहीत असणार, तरी सांग की कोल्हापुरातली एक बाई रडली.

फोटो पाठवणार नाही. पण एक विचारते, रागावू नकोस. माणसं आली आणि निघून जा म्हणाली, एवढ्यावर कुणी घरदार, मेंढरं, झाडं सोडून जातं काय गं? आमच्या गल्लीत महापालिकेनं टपरी हलवायला सांगितली तर बाळासो पानवाला तीन वर्षं हलला नाही. तिथं काहीतरी झालं असणार. तू जाऊन ये. तुला तिकडे जाता येतं, त्यांना तुझ्याकडे येता येत नाही.

आणि 'नव्हता तर नव्हता' हे वाक्य मला आवडलं नाही. शाळेत तू खोटं बोललीस की असंच तोडून बोलायचीस.

त्रिशला

•

बीर शेवा
१२ मार्च २०२४

प्रिय त्रिशला,

जाऊन आले. आमच्या हॉस्पिटलातले एक निवृत्त डॉक्टर तिकडे औषधं घेऊन जातात, त्यांच्या गाडीतून.

सबीहाचं कुटुंब आता यत्ता गावाच्या कडेला, कुणाच्या तरी अर्धवट बांधलेल्या घराच्या तळमजल्यावर आहे. खिडक्यांना प्लास्टिक लावलंय. मेंढ्या निम्म्या राहिल्यात आणि त्यांना चरायला जागा नाही म्हणून त्याच घराच्या दुसऱ्या खोलीत बांधल्यात. तुला प्रश्न पडला होता ना, एवढ्यावर कुणी जातं का. नाही जात. आधी पाण्याच्या टाक्यांना भोकं पाडली. मग सौरदिव्यांच्या काचा फोडल्या. मग सबीहाच्या नवऱ्याला त्याच्या नातवंडांसमोर गुडघ्यावर बसवून मारलं. शेवटच्या सकाळी मेंढ्या हाकून न्यायला लागले तेव्हा सालेम, सबीहाचा मुलगा, आडवा गेला. त्याच्या मांडीत गोळी घातली. त्यानंतर वस्ती निघाली.

सालेमचा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. हॉस्पिटलात पोचायला उशीर झाला, रक्त फार गेलं. मी पट्टी बदलली. तीस वर्षांचा आहे तो. माझ्याकडे बघितलं नाही.

रुवैदानं, ती हात भाजलेली, चहा आणला. सबीहानं माझ्या घरच्या सगळ्यांची चौकशी केली. अमित कसा आहे, तेवढं विचारलं नाही. विसरली असेल.

आता दुसरं. अमितला सोडलंय सैन्यातून. इथली पोरं सुटली की भारतात जातात, तसा तोही निघालाय. ओर्ना म्हणते, कोल्हापूरला त्रिशलाकडे थोडे दिवस राहिला तर बरं, एकटा नको. ठेवशील? तो काहीही खातो, कांदा-लसणाचं त्याला काही नाही. कमी बोलतो. त्याला लढाईचं काही विचारू नकोस.

मोझेल

•

राजारामपुरी
१६ एप्रिल २०२४

मोझे,

तुझा पावणा पोचला. आणि तू एवढं घाबरवलं होतंस, की मला वाटलं कुणी राकट गडी येतोय. हा तर नुसता सरळ पोरगा. आल्या आल्या वाकून पाया पडला. तूच शिकवलं असणार.

नळ गळत होता तो दुरुस्त केला. माझ्याबरोबर सूर्य मावळायच्या आत जेवतो. अभिनंदननं त्याला मिसळ खायला नेला, घाम पुसत पुसत तर्री परत मागून घेतली म्हणे. स्टेशनावर घेऊन गेले. तुमची क्वार्टर्स कुठली ते नेमकं सांगता येईना, सगळं बदललंय, पण एका भिंतीपाशी मी ठोकून दिलं, "हीच." त्यानं भिंतीला हात लावून फोटो काढला. तू खोटं पाडू नकोस.

गल्लीत सगळ्यांना आवडलाय. खालची क्रांती विचारत होती, लग्नाचा आहे काय.

एकच. परवा मी गॅलरीतनं हाक मारली. माझा आवाज तुला माहितीच हाय, "अमिऽत!" म्हणून ओरडले तर टाउन हॉलपर्यंत जाईल. तो खाली रस्त्यावर होता. हाकेसरशी त्यानं टोपी ओढून तोंडावर घेतली आणि भिंतीकडं वळला. मग हसला, पण उशिरानं. आता मी हाक मारत नाही, जवळ जाऊन सांगते.

पोराला काय झालंय गं? विचारू नको म्हणालीस, म्हणून तुला विचारते.

त्रिशला

•

बीर शेवा
२२ एप्रिल २०२४

त्रिशला,

तुझ्यापासून लपवलं. मार्चमध्ये गेले तेव्हा रुवैदानं मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला, सालेमच्या मुलीनं गाडीतून काढलेला. गाडीत मागच्या सीटवर सालेम आडवा आहे, त्याची बायको त्याच्या मांडीवर कापड दाबून धरतेय. पुढे रस्त्यावर सैन्याची जीप आडवी. एक सैनिक खिडकीशी येतो. तोंडावर कापड, डोळ्यांवर काळा चष्मा. हिब्रूत दोन शब्द बोलतो, "मागे घ्या." बाई ओरडते, रक्त दाखवते. तो पुन्हा तेच दोन शब्द बोलतो. गाडी बराच वेळ तिथंच राहिली. शेवटी मागे घेऊन डोंगरावरच्या कच्च्या वाटेनं नेली.

तो आवाज अमितचा आहे.

ओर्ना कामाच्या पाळ्या करायची तेव्हा मीच वाढवलाय त्याला. ताप आला की तो कसा बोलतो, खोटं बोलला की कसा, सगळं माहीत आहे मला. रुवैदानं विचारलं, "ओळखीचा वाटतो का?" तिचा काही संशय नव्हता, ती गाडीत नव्हती आणि तो लहान असतानाच तिनं त्याला पाहिलेला. मी नाही म्हणाले.

एक वकीलबाई त्यांची तक्रार चालवते. तिला सैनिकाचं नाव हवंय. सबीहा गाडीत पुढे बसली होती. तिनं जबानी दिलीय, की मला तो कोण ते माहीत नाही.

म्हणजे जगात मला एकटीलाच माहीत आहे. आता तुला.

त्याला घराबाहेर काढू नकोस.

मोझेल

•

राजारामपुरी
६ मे २०२४

मोझे,

काढला नाही. पण गेला तो. सगळं क्रमानं सांगते.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मला त्याला ताट वाढताना जड जायला लागलं. तो पाणी दे म्हणाला की मला जीप दिसायची. तरी तू सांगितलंस म्हणून गप्प होते. गप्प राहणं मला किती जमतं तुला माहीत आहे.

शनिवारी सकाळी भाकऱ्या करत होते. तो ओट्याजवळ उभा राहून बघत होता. पहिली भाकरी टम्म फुगली, ती मी तव्यावरनं काढून तशीच त्याच्या पुढं धरली. "घे, गरम गरम." त्यानं हात मागं घेतला. बेसिनपाशी गेला आणि ओकायला लागला. मी पाणी दिलं, पाठ चोळली. मग इंग्रजीत म्हणाला, "ती पण अशीच द्यायची. हातानं."

मी म्हणाले, "सबीहा."

त्यानं वर बघितलं. "आजीनं सांगितलं?"

"आजीला आवाज कळला तुझा."

फरशीवरच बसला. मी गॅस बंद केला आणि समोर बसले, गुडघे दुखतात तरी. मग त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

हुकूम होता, रस्त्यावरनं कुणाला सोडायचं नाही. गोळी सैन्यानं घातली नव्हती. शेजारच्या टेकडीवरच्या एकानं घातली होती, त्यालाच महिन्याआधी सैन्यानं बंदूक आणि कपडे दिले होते. गाडी आली. यानं वायरलेसवर विचारलं, जखमी आहे, सोडू का? पलीकडनं आलं, थांब. हा थांबला. पुन्हा विचारलंस का म्हटलं, तर म्हणाला, नाही.

"का नाही?"

"दुसऱ्यांदा विचारलं की बाकीचे बघायला लागतात."

मी म्हणाले, "सबीहाला तू ओळखलंस?"

"आधी तिनं मला ओळखलं. मी गाडीकडं चालत येत होतो, तेव्हाच. तोंडावर कापड होतं तरी. तिनं काच खाली केली आणि नावानं हाक मारली. अमित. अमित, मी सबीहा. तीनदा. गाडीत आरडाओरडा होता, बाकीच्यांना ऐकू गेलं नसेल. मग मागच्या मुलीनं फोन काढला, आणि फोन दिसल्यावर सबीहा गप्प झाली. नंतर एकदाही नाव घेतलं नाही."

ऐकलंस, मोझे? तिला माहीत आहे. पहिल्यापासून.

मी विचारलं, "मग तू काय केलंस?" तो म्हणाला, "चष्मा लावला."

मी त्याला एक मुस्काटात मारली. बहात्तराव्या वर्षी, दुसऱ्याच्या पोराला. मग त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दोन्ही गोष्टी मी केल्या आणि दोन्हींचा मला पश्चात्ताप नाही.

दुपारी त्यानं सामान भरलं. गोकर्णला जातो म्हणाला. दारात म्हणाला, "आज्जी, सव्ताला हे सांगू नका. आवाज कळलाय तेवढा पुरे. ती हाक मारल्याचं सांगू नका." मी हो म्हणाले नाही, नाही पण म्हणाले नाही. माझ्या घरात माझ्या भरवशावर बोललेलं मी तुला लिहितेय. पण सबीहा तुझ्यासाठी काय गिळून बसलीय ते तुला कळू नये, हे मला पटेना.

आता तू काय करायचं ते मी सांगणार नाही. पहिल्यांदाच.

त्रिशला

•

बीर शेवा
३० जून २०२४

त्रिशला,

यत्ताला गेले. सबीहाला बाजूला घेऊन म्हणाले, तुला माहीत होतं.

ती चादरी घडी करत होती, करतच राहिली. म्हणाली, "रुवैदाचे हात तू वाचवलेस. सहा वर्षांची होती, परवाना संपला म्हणून आम्हाला परत पाठवत होते, तेव्हा तू दारात उभी राहिलीस. नाव सांगून सालेमचा पाय येणार होता का? तुझं घर मात्र गेलं असतं. माझं गेलंय, मला माहीत आहे ते."

मी तिचे हात धरून रडले. मला वाटलं, संपलं. तिनं सोडलं आपल्याला. खरं सांगते, मला हलकं वाटलं.

तेवढ्यात आतून सालेमचा आवाज आला. भिंत कसली, प्लास्टिकच आहे मध्ये. त्यानं हिब्रूत म्हटलं, म्हणजे मला नीट कळावं म्हणून, "आईनं तुझी फेड केली असेल. पाय माझा होता. मला कुणी विचारलं नाही."

सबीहा त्याला गप्प बस म्हणाली. तो बरोबर होता.

दुसऱ्या आठवड्यात वकीलबाईकडे जाऊन मी जबानी दिली. अमितचं पूर्ण नाव, त्याच्या आईचं नाव, माझं नातं. लिहून घेताना ती दोनदा थांबली, मला नक्की का विचारलं. ओर्नाला मी स्वतः सांगितलं, दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून. तिनं ओरडाआरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं माझ्या घराची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. जिन्यातल्यांना कळलंय. झिवा माझ्याशी बोलत नाही. तिला मी काय सांगू? तिची नात गेली, आणि मी आमच्याच पोराचं नाव त्यांना दिलं.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे एकटीनं लावते.

मोझेल

•

राजारामपुरी
१५ जुलै २०२४

मोझे,

इकडे ये म्हणणार होते. पण तू येणार नाहीस, आणि आता येऊही नकोस. सालेमची पट्टी कोण बदलणार?

अमितचा मला एकच निरोप आला. इंग्रजीत तीन शब्द. 'म्हणजे तुम्ही सांगितलंत.' मी उत्तरात लिहिलं, 'हो.' त्यानंतर नंबर लागत नाही. गोकर्णातल्या एका खानावळवाल्याचा नंबर अभिनंदननं मिळवला. तो म्हणाला, मुलगा बरा आहे, समुद्राकडं तोंड करून बसतो, पैसे वेळेवर देतो.

अभिनंदन माझ्यावर चिडलाय. म्हणतो, "आपल्याकडं आलेल्या पावण्याला आपणच धरून दिलं." मी म्हणाले, पावणा होता म्हणून मांडीवर घेतला. काय उत्तर आहे हे, मलाच कळलं नाही.

नीट जेव. उगाच उपास करू नकोस.

त्रिशला

•

बीर शेवा
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय त्रिशला,

फार दिवसांनी लिहितेय. सांगण्यासारखं सगळं एकदम झालं.

तक्रारीची फाईल बंद झाली. पुरावा पुरेसा नाही, असं एका पानावर आलं. व्हिडिओत तोंड दिसत नाही आणि म्हाताऱ्या बाईला आवाजावरून नीट ओळखता येईल याची खात्री नाही. अमितला एकदा फोनवर विचारलं म्हणे, तो म्हणाला, आठवत नाही. ज्यानं गोळी घातली त्याला फोनसुद्धा केला नाही. अमित परत आलाय, हैफाला मित्राकडे असतो. पुन्हा सैन्याचं बोलावणं आलंय असं ओर्नाच्या नवऱ्यानं सांगितलं. गेला की नाही, मला माहीत नाही. विचारायला माझ्याकडे कुणी नाही.

दुसरी गोष्ट चांगली म्हणून सुरू झाली. कोर्टानं खिर्बत लोझच्या लोकांना परत जायची परवानगी दिली. ऑगस्टमध्ये सगळे गेले. ट्रॅक्टरवर गाद्या, भांडी, सालेमची चाकाची खुर्ची. घरं पाडून टाकलेली, शाळेच्या खोलीचे दगडसुद्धा जागेवर नव्हते. बदामाची झाडं बुंध्यापासून कापलेली. तरी सबीहानं पहिल्याच दिवशी चुलीची जागा झाडून काढली.

पण कोर्टानं परत जा म्हटलं होतं, बांधा म्हटलं नव्हतं. त्यामुळे तिथं काही उभं करायचं नाही. भिंत नाही, पत्रा नाही, तंबू नाही. रोज एक अधिकारी येऊन बघून जायचा. शेजारच्या टेकडीवरचे त्यांच्या मेंढ्या घेऊन यायचे आणि यांच्या गाद्यांवरून चालवत न्यायचे. सप्टेंबर संपेपर्यंत टिकले. मग तान्ह्या मुलाला उन्हाचा झटका बसला आणि परत यत्ताला गेले. आता पुन्हा जातील असं वाटत नाही.

मध्ये एक दिवस मी त्यांच्याबरोबर होते, तेवढं तुला सांगते.

ऊन असं होतं की दगडाला हात लावता येत नव्हता. पोरं रडत होती. रुवैदानं चार काठ्या रोवल्या आणि वर एक चादर बांधली. फुलाफुलांची, पलंगावरची. अर्ध्या तासात जीप आली. सैनिक पोरगेलेच होते, अमितच्या वयाचे. अधिकाऱ्यानं काठ्यांकडे बोट दाखवलं, म्हणाला, "हे बांधकाम आहे. काढा." मी हिब्रूत म्हणाले, चादर आहे ती. तो म्हणाला, "जमिनीत रोवलंय ना? मग बांधकाम."

त्यांनी काठ्या उपटून जीपमध्ये टाकल्या. चादर खाली पडली.

सबीहानं ती उचलली आणि झटकली. एक कोपरा स्वतः धरला, एक रुवैदाला दिला, एक सुनेला. दोन्ही हात वर करून तिघी उभ्या राहिल्या. चौथा कोपरा लोंबत होता. सबीहा माझ्याकडे बघत होती. मी जाऊन तो धरला.

अधिकाऱ्यानं चादरीखाली वाकून बघितलं. जमिनीत काही रोवलेलं नव्हतं. मग जीप वळवून गेला.

पोरं खाली झोपली. सालेमनं खुर्ची सावलीत घेतली, माझ्या कोपऱ्याखालीच. हात भरून आले की आम्ही आळीपाळीनं हात बदलायचो, पण चादर खाली येऊ दिली नाही. ऊन कलायला फार वेळ लागतो गं तिथं.

मोझेल